उपवासकाळातील मोह आणि जगण्याचे प्रयोजन : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

तुम्ही लिहिता की दरवर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावून घेताना तुम्ही मांसाहार आणि गोड सोडण्याचा निश्चय करता, आणि तिसरा आठवडा संपेपर्यंत तो मोडलेला असतो. ऑफिस सुटल्यावर मित्र इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेतात, रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक पाहून परतताना सगळे एकत्र जेवायला बसतात, आणि तिथे नाही म्हणणे जड जाते. त्याहून अवघड गोष्टही तुम्ही मोकळेपणाने लिहिली आहे : घरचे झोपल्यावर मोबाइलवर अश्लील चित्रफिती पाहण्याची सवय, जी उपवासकाळात कमी होण्याऐवजी वाढते. पुढे तुम्ही विचारता की शहरातल्या विजयनगर भागातील नोकरीत मन लागत नाही, ती सोडून सेवाकार्यात जावे का, देवाला माझ्याकडून नेमके काय हवे आहे. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे : ‘घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी बोलणे बंद आहे, पण तो वेगळा विषय.’

इंदूरमध्ये उपवासकाळातील चिंतनवर्ग घेताना आणि माणसांशी एकेकटे बसून बोलताना हे प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहेत. बहुतेक जण मोहाला तोंड कसे द्यावे हा एक प्रश्न आणि आयुष्याचे प्रयोजन काय हा दुसरा प्रश्न असे मानतात, आणि आधी पहिला सोडवू, मन शुद्ध झाले की दुसऱ्याकडे वळू, असा क्रम लावतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे, आणि तुमचा निश्चय तिसऱ्या आठवड्यात मोडतो त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे. कशाला ‘हो’ म्हणायचे हे ज्याला माहीत नाही, तो नुसते ‘नाही’ म्हणत फार दिवस उभा राहू शकत नाही.

शुभवर्तमानातला क्रम पाहा. येशू अरण्यात जातो तो बाप्तिस्म्यानंतर लगेच. यार्देन नदीतून वर येताना त्याला पित्याची वाणी ऐकू आली, की हा माझा प्रिय पुत्र आहे आणि याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर त्याने एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेले नाही, एक दिवसही उपवास केलेला नाही. स्वीकार आधी, परीक्षा नंतर. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान जे बोलतो त्याची सुरुवातही त्याच वाणीवर घाव घालून होते : तू देवाचा पुत्र आहेस तर या धोंड्यांच्या भाकरी कर. भुकेल्या माणसाने भाकर खाण्यात पाप नाही. पाप असते ते त्या ‘तर’मध्ये, म्हणजे जे नाते आधीच दिलेले आहे ते सिद्ध करून दाखवण्याच्या आमिषात, आणि मिळालेले सामर्थ्य स्वतःची भूक भागवण्यासाठी वळवण्यात. मनुष्य केवळ भाकरीने नव्हे तर देवाच्या मुखातून निघणाऱ्या वचनाने जगतो, हे येशूचे उत्तर जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले आहे, आणि उरलेली दोन्ही उत्तरे त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात भटकताना जिथे जिथे अडखळले, तिथे तिथे हा एक मनुष्य त्यांच्या वतीने ठाम उभा राहतो.  शुभवर्तमानकार लूकने या प्रसंगाच्या शेवटी घातलेले वाक्य तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे : सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. म्हणजे येशूच्या बाबतीतही परीक्षा एकदाची संपली नाही. मोह पुन्हा आला यावरून माझी श्रद्धा खोटी आहे असा निष्कर्ष तुम्ही काढता, त्याला शास्त्रात कुठेही आधार नाही.

आता सोडण्याच्या गोष्टींविषयी. चर्चच्या नियमाची मागणी तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच सौम्य आहे. कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे, त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे चालते, आणि हे बंधन 18 ते 59 या वयाच्या माणसांना आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम वेगळा आहे, बाकीचे आपण स्वेच्छेने स्वीकारतो. शिवाय राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणाच्या (ईस्टरच्या) आदल्या दिवसापर्यंत दिवस भरतात 46, चाळीस नव्हे. मधले सहा रविवार उपवासात मोजत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आहे. तुम्ही रविवारीही स्वतःला सूट देत नाही असे लिहिले आहे आणि त्याचा थोडा अभिमानही त्या ओळीत दिसतो. पुढच्या रविवारी आईच्या हातचे जेवण आनंदाने जेवा. उत्सवाचा दिवस नाकारणारा उपवास हळूहळू स्वतःच्या ताकदीची परीक्षा होऊन बसतो, आणि ती परीक्षा हरल्यावर माणूस सगळेच सोडून देतो.

मटण सोडून त्याच पैशांचे पनीर आणणे, जिलेबी सोडून सराफ्यातली साबुदाण्याची खिचडी भरपेट खाणे, यात ताटातला पदार्थ बदलतो, दुसरे काही बदलत नाही. पाचव्या शतकात रोममध्ये पोप लिओ यांनी उपवासकाळातल्या प्रवचनांतून एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : तुम्ही जे खाल्ले नाही ते गरिबाच्या मुखी गेले पाहिजे. हे शब्दशः करा. बाहेर खाण्यावर आठवड्याला जो खर्च होतो तो एका पाकिटात ठेवा, आणि ते पाकीट कोणाकडे जाणार हे उपवास सुरू करतानाच ठरवा. तुमच्या घरापासून एमवाय रुग्णालय फार दूर नाही. धार, झाबुआ, खरगोनकडून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक तिथे दिवसेंदिवस मुक्काम करून असतात. त्यांच्यापैकी एखाद्या कुटुंबाचे दोन वेळचे जेवण तुमच्या उपवासावर अवलंबून आहे हे माहीत असेल, तर सराफ्यात मित्रांना नाही म्हणताना तुमच्याजवळ एक कारण असेल, आणि त्या कारणाला चेहरा असेल. राखेच्या बुधवारी वाचला जाणारा मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला उतारा दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी एका दमात सांगतो. त्यातला उपवास तेवढा उचलून बाकी दोन मागे ठेवता येत नाहीत.

मित्रांच्या बाबतीत फार विचार करू नका. एकदा स्पष्ट सांगा की आमचा उपवास चालू आहे. इंदूरच्या मित्रमंडळींना एकादशी, चतुर्थी आणि रोजे ठाऊक आहेत. 2026 मध्ये तर राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आला आणि रमजानही त्याच आठवड्यात सुरू झाला. उपवास करणाऱ्याचा मान राखणे या शहराला शिकवावे लागत नाही. रंगपंचमीही टाळू नका. होळी आणि आपला पुनरुत्थानाचा सण या दोन्ही गोष्टी पौर्णिमेला बांधलेल्या असल्याने रंगपंचमी बहुधा उपवासकाळातच येते. शेजाऱ्याच्या आनंदाकडे पाठ फिरवणे हा काही उपवासाचा भाग नाही. रंग खेळा, आणि जेवायच्या वेळी आपल्याला झेपेल तेवढेच घ्या.

रात्रीच्या सवयीविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तुमचे सर्वांत जास्त दुःख तिथे आहे, आणि याविषयी चर्चमध्ये फार थोडे बोलले जाते.

ती सवय उपवासकाळातच का वाढते, हा तुमचा प्रश्न योग्य आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या साधूने मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची मांडणी केली : खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, साधनेतला कंटाळा, मोठेपणाची हाव आणि गर्व. हे विचार एकमेकांच्या आधाराने येतात हे त्याचे निरीक्षण फार सूक्ष्म आहे. एकाला हरवले की त्या विजयातूनच मोठेपणाची हाव जन्म घेते, आणि तिच्या पाठोपाठ माणूस बेसावध होऊन दुसरीकडे कोसळतो. तुमच्या बाबतीत याला शरीराचीही साथ आहे. तुम्ही दिवसभर अर्धपोटी राहता, रात्री थकलेले असता, जेवणही चुकवता, आणि मग अंधारात एकटे मोबाइल घेऊन पडता. अशा वेळी पडणे हे जवळजवळ ठरलेलेच असते. म्हणून पहिले काम प्रार्थनेचे नाही, व्यवस्थेचे आहे : रात्रीचे जेवण वेळेवर आणि पुरेसे घ्या, दहा वाजता मोबाइल बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवा, आणि सकाळच्या गजरासाठी साधे घड्याळ विकत आणा. याला श्रद्धेची उणीव समजू नका. परीक्षेत पडू नये म्हणून जागृत राहा व प्रार्थना करा असे येशूने अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यांना सांगितले, तेव्हा जागृत राहणे आधी सांगितले.

तरीही ओढ येईल. ती आल्यावर तिच्याशी वाद घालत अंथरुणात पडून राहू नका, कारण त्या वादात तोच विचार अधिक वेळ मनात राहतो. उठा, दिवा लावा, पाणी प्या, खोलीबाहेर या. इव्हाग्रियसच्या परंपरेतला साधू योहान कॅसियन अशा वेळेसाठी सत्तराव्या स्तोत्राची पहिलीच ओळ देतो, ज्यात भक्त देवाला मदतीला धावून येण्याची विनवणी करतो. लांब प्रार्थना करण्याची ताकद नसते तेव्हा एवढी एक ओळ पुरे आहे. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहा. ओढ बहुधा काही मिनिटांत ओसरते, आणि ती ओसरते हा अनुभव दोन-तीनदा आला की तिचा धाक कमी होतो.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे हे कोणाला तरी सांगणे. सोळाव्या शतकातले येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी मोहाच्या परीक्षणाचे जे नियम लिहिले, त्यांत एक असा आहे की शत्रूला गुप्तता हवी असते. जे आपण विश्वासू मार्गदर्शकापुढे उघड केले त्यावर त्याची पकड सैल होते. तुम्ही माझ्याकडे लिहिलेत हे चांगले केलेत, पण मी तुम्हाला रोज दिसत नाही. तुमच्या फादरांपैकी एक, किंवा वयाने मोठा आणि तोंडाने घट्ट असा चर्चमधला एखादा माणूस निवडा, आणि दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी त्याला खरे तेच सांगा. पापनिवेदनाचा संस्कारही वर्षातून एकदा उरकण्यासाठी नाही, तो अशाच काळासाठी आहे. इग्नेशियस यांनी एक वहीचा उपायही दिला आहे : दुपारी आणि रात्री असे दोनदा थांबून, ज्या एका दोषावर काम चालले आहे त्याच्या खुणा वहीतल्या रेघेवर करायच्या, आणि आजची रेघ कालच्या रेघेशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. यात ‘जिंकलो की हरलो’ एवढेच उत्तर मिळत नाही. कोणत्या वारी, कोणत्या प्रसंगानंतर, कोणत्या भावनेच्या मागोमाग मोह येतो हे हळूहळू दिसू लागते. पुष्कळांच्या वहीत अपमानाचा किंवा भांडणाचा दिवस आणि पडण्याची रात्र एकत्र सापडतात.

पडलात तर त्याच रात्री क्षमा मागा, झोपा, आणि सकाळी नेहमीच्या वेळी प्रार्थनेला बसा. प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी कडक उपास धरू नका, त्याने वर सांगितलेलेच चक्र पुन्हा फिरते. आणि हे सगळे करूनही सवय सुटत नसेल, झोप, काम किंवा जगण्याची इच्छाच तिच्यामुळे किंवा तिच्याबरोबर ढासळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तापासाठी डॉक्टरांकडे जाताना आपली श्रद्धा कमी पडली असे आपण म्हणत नाही.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येतो. भावाशी तुटलेले बोलणे हा वेगळा विषय नाही. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 58 व्या अध्यायात लोक देवाला विचारतात की आम्ही उपास केला तो तू का पाहत नाहीस, आणि देव उत्तर देतो की तुमचा उपास भांडणात आणि कलहात चालला आहे. मला आवडणारा उपास कोणता, हे सांगताना तो भुकेल्याला भाकर देणे आणि निराश्रिताला घरात घेणे यांबरोबरच आपल्या रक्तामांसाच्या माणसापासून तोंड न लपवणे हेही सांगतो. तुमच्या पत्रात मटणाविषयी बऱ्याच ओळी आहेत आणि भावाविषयी एक. ज्याला आपण बाजूला ठेवून बाकीच्या गोष्टींवर मेहनत घेतो, तिथेच बहुधा देव आपली वाट पाहत असतो. राग हाही मोह आहे, आणि तो न्यायाच्या रूपात येतो म्हणून ओळखू येत नाही. वाटणीत तुमच्यावर अन्याय झालाही असेल. क्षमा करणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. कागदपत्रांचे काम वकिलाकडे राहू द्या. पण बोलणे बंद ठेवण्याने तो हक्क तिळभरही बळकट होत नाही.

आपल्याच परिसरातला एक दाखला तुम्हाला ठाऊक असेल. सिस्टर राणी मारिया उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींना सावकारी कर्जाच्या विळख्यातून सोडवण्याचे काम करीत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारण्यात आले. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली आणि त्याला भाऊ मानले. त्या कुटुंबाने त्याला घरीही स्वीकारले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच राणी मारिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, आणि त्यांचा स्मरणदिन पुष्कळदा उपवासकाळात येतो. हा दाखला मी तुम्हाला लाजवण्यासाठी देत नाही. क्षमेची सुरुवात मन पूर्ण शांत झाल्यावरच करायची असते असे आपण समजतो, आणि ती शांतता कधी येत नाही म्हणून पाऊलही उचलत नाही. सेल्मी पॉल यांनी पाऊल उचलले ते हातात राखी घेऊन. तुम्हाला तेवढे मोठे काही करायचे नाही. उपवासकाळ संपण्याआधी भावाच्या घरी जा, वाटणीचा विषय न काढता वहिनींच्या हातचा चहा घ्या आणि मुलांच्या परीक्षेची चौकशी करा. पहिल्या भेटीला एवढे पुरे.

राहिला प्रश्न नोकरी सोडण्याचा. इव्हाग्रियसने साधनेतल्या कंटाळ्याचे जे वर्णन केले आहे ते वाचताना अनेकांना आपलेच आयुष्य दिसते. भर दुपारी साधूला वाटते की सूर्य जागचा हलत नाही, तो सारखा दाराबाहेर पाहतो, त्याला आपली जागा आणि हातातले काम नकोसे होते, भोवतीच्या माणसांत प्रेम उरले नाही असे वाटू लागते, आणि मग एक विचार येतो की दुसऱ्या ठिकाणी गेलो तर देवाची सेवा अधिक चांगली होईल. हा विचार अगदी धार्मिक दिसतो. तुमची इच्छा अशीच आहे असे मी म्हणत नाही, पण ती कंटाळ्यातून आली आहे की बोलावण्यातून, हे पारखल्याशिवाय राजीनामा देऊ नका. मन कोरडे आणि उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हा इग्नेशियस यांचा नियम मी स्वतः काटेकोरपणे पाळतो आणि इतरांनाही पाळायला सांगतो.

ही पारख कशी करायची, तेही त्यांच्याच आयुष्यात सापडते. 1521 मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडल्यावर ते घरी अंथरुणाला खिळून होते. शौर्याच्या आणि मानमरातबाच्या कल्पना करताना त्यांना आनंद वाटे, पण नंतर मन रिते आणि असमाधानी होई. संतांसारखे जगण्याच्या कल्पनेने वाटलेला आनंद मात्र ती कल्पना मनातून गेल्यानंतरही टिकून राही. तुमच्यासाठी प्रयोग असा आहे. दर शनिवारी सकाळी रुग्णालयात जा, बाहेरगावच्या नातेवाइकांचे अर्ज भरून द्या, कोणती तपासणी कुठल्या मजल्यावर आहे ते दाखवा, पाकिटातल्या पैशांतून त्यांच्या जेवणाची सोय करा. त्याचे फोटो कोणाला पाठवू नका. आणि त्या कामानंतर रविवारी, सोमवारी मनाची स्थिती काय होती ते त्याच वहीत लिहा. कौतुक मिळाले नाही, कोणी उलट वसकन अंगावर आले, अशा शनिवारनंतरही मन स्थिर आणि मोकळे राहते का, हे विशेष पाहा.

हे काम उत्तम शुक्रवारी थांबवू नका. पुनरुत्थानाच्या रविवारपासून पेंटेकॉस्ट या पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंतचा पन्नास दिवसांचा काळ आपण सणाचा काळ म्हणून पाळतो, पण बहुतेक घरांत तो सोमवारीच संपतो आणि सगळे पूर्वीसारखे होते, हीच तुमचीही तक्रार आहे. शनिवारचे काम, आठवड्याचा संवाद आणि वही या तीन गोष्टी तोवर चालू ठेवा. खाण्यावरचे बंधन मात्र सणाच्या सकाळी आनंदाने सोडा. पेंटेकॉस्टनंतर वही घेऊन तुमच्या फादरांकडे बसा आणि नोकरीचा विषय तेव्हा काढा. उत्तर ‘इथेच राहा’ असे आले तरी ते बोलावणेच असेल, आणि उत्तर ‘जा’ असे आले तर तुमच्याजवळ एका उदास संध्याकाळीऐवजी कित्येक शनिवारांचा पुरावा असेल. मध्यंतरी भावाकडे जाऊन आल्यावर मला दोन ओळी लिहा.